वुस्टरची निळ्या खवल्यांची फुलदाणी : हातात घेऊन पारखलेली

इंग्लंडमधल्या एका लहान शहरातल्या लिलावात दोन वर्षांपूर्वी मी तिथल्याच वुस्टर शहरातल्या पोर्सिलिनच्या (पांढऱ्या, उंची चिनी मातीच्या) कारखान्यात साधारण १७७० च्या आगेमागे घडवलेली, साडेसोळा सेंटिमीटर उंचीची, झाकण हरवलेली एक रंगीत फुलदाणी विकत घेतली. बोली २४० पौंडांवर थांबली. त्यावर लिलावगृहाची २५ टक्के दलाली आणि त्या दलालीवरचा २० टक्के कर धरून ती मला ३१२ पौंडांना पडली, टपालखर्च वेगळा. अठराव्या शतकातले इंग्रजी पोर्सिलिन जमवायला लागून मला आता अकरा वर्षे झाली आहेत, आणि या काळात घेतलेल्या चौदा वस्तूंपैकी याच एका फुलदाणीने मला सर्वांत जास्त शिकवले; म्हणून तिच्याविषयी आणि ती ज्या मार्गाने माझ्याकडे आली त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. या छंदाकडे वळू पाहणारे मराठी वाचक इंग्लंडात आहेत तसे पुण्या-मुंबईतही आहेत, आणि आता घरबसल्या बोली लावणे सोपे झाले आहे; पण छायाचित्र पाहून घेतलेली चिनी माती आणि हातात घेऊन पारखलेली चिनी माती यांत केवढे अंतर असते, हे बोली लावण्याआधी ठाऊक असलेले बरे.

फुलदाणीचा घाट कलशाची आठवण करून देणारा आहे : खांद्याशी भरदार, खाली निमुळती होत गेलेली, आणि वर आखूड मान. सगळ्या अंगावर गडद निळ्या रंगात माशाच्या खवल्यांसारखी नक्षी आहे, आणि त्या निळ्यात पांढऱ्या शुभ्र खिडक्या सोडल्या आहेत, दोन मोठ्या आणि दोन लहान. मोठ्या खिडक्यांत झुडपांमध्ये बसलेले काल्पनिक पक्षी आहेत, लहान खिडक्यांत फुलांचे तुरे आहेत, आणि प्रत्येक खिडकीभोवती सोन्याच्या वेलबुट्टीची चौकट आहे. हे वर्णन वुस्टरच्या त्या काळातल्या अनेक फुलदाण्यांना लागू पडेल. निळ्या खवल्यांचे काम या कारखान्याने भरपूर केले, आणि म्हणूनच मध्यम ऐपतीच्या संग्राहकालाही त्यातली एखादी वस्तू परवडू शकते. पिवळ्या खवल्यांची वस्तू मात्र दुर्मीळ, आणि तिची किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची.

निळा रंग जवळून पाहिला की हे काम किती सोसून केले आहे ते समजते. एकदा भाजलेल्या, अजून झिलई न चढलेल्या भांड्यावर आधी कोबाल्टचा फिकट थर द्यायचा, त्यावर कुंचल्याने एकेक खवला गडद रेषेत काढायचा, मग झिलई चढवून पुन्हा भट्टीत घालायचे. पक्षी, फुले आणि सोने ही त्यानंतरची, झिलईच्या वरची कामे. ती कमी आचेच्या भट्टीत, टप्प्याटप्प्याने पक्की व्हायची. माझ्या फुलदाणीच्या खांद्यावर खवले मोठे आणि मोकळे आहेत, आणि खाली निमुळत्या भागात ते बारीक होत जातात. भिंगाखाली पाहिले तर दोन ओळींच्या मध्ये जागा उरली म्हणून घातलेला अर्धा खवलाही सापडतो. वळणदार पृष्ठभागावर, कच्च्या मातीसारखा रंग शोषून घेणाऱ्या भांड्यावर, पुसून पुन्हा काढण्याची सोय नसताना हे काम करणाऱ्या कारागिराचे नाव कुठेही नोंदलेले नाही, याची मला प्रत्येक वेळी हळहळ वाटते. वुस्टरशी संबंधित ज्या चित्रकारांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, त्यांत इसापच्या कथांतले प्राणी रंगवणारा जेफ्रीज हॅमेट ओनील आणि मोठ्या फुलदाण्यांवर मानवाकृती रंगवणारा जॉन डोनाल्डसन हे दोघे महत्त्वाचे; पण अशा सही केलेल्या वस्तू थोड्या, आणि त्या संग्रहालयांत जाऊन बसल्या आहेत.

थोडे मातीविषयी सांगायला हवे, कारण पारख तिथूनच सुरू होते. जर्मनीतल्या माइसेन इथे १७१० पासून खऱ्या, कठीण पोर्सिलिनचे उत्पादन सुरू झाले होते. इंग्लंडमधल्या कारखान्यांकडे ते गुपितही नव्हते आणि राजाचा खजिनाही नव्हता. त्यामुळे १७४० च्या दशकापासून प्रत्येकाने आपापली मऊ माती शोधून काढली. लंडनजवळच्या चेल्सीत निकोलस स्प्रिमाँ हा आजच्या बेल्जियममधल्या लिएजहून आलेला चांदीकाम करणारा कारागीर काचेसारख्या मिश्रणावर काम करत होता, तर लंडनच्या पूर्वेला बो इथे जनावरांच्या हाडांची राख मातीत मिसळली जात होती. वुस्टरचा कारखाना १७५१ मध्ये डॉक्टर जॉन वॉल, औषधविक्रेते विल्यम डेव्हिस आणि त्यांच्या भागीदारांनी काढला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिस्टलमधला बेंजामिन लंड याचा कारखाना आपल्यात सामावून घेतला. त्यासोबत कॉर्नवॉलमधला साबणदगड (साबणासारखा गुळगुळीत, मऊ दगड) मातीत मिसळण्याची कृतीही हाती आली, आणि हाच साबणदगड वुस्टरचे बलस्थान ठरला. या मातीची भांडी उकळत्या पाण्याने तडकत नसत, म्हणून तिथल्या चहादाण्यांना मागणी आली, आणि चहादाण्यांच्या कमाईच्या आधारावर फुलदाण्यांसारखी शोभेची कामे करता आली. इंग्लंडात कठीण पोर्सिलिनचे एकस्व (पेटंट) विल्यम कुकवर्दी याला मिळाले ते १७६८ मध्ये, म्हणजे माझी फुलदाणी घडत होती त्याच सुमारास.

संग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की प्रत्येक कारखान्याची माती आपली ओळख स्वतःच सांगते. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा दिवा फुलदाणीच्या आत सोडला की वुस्टरच्या मातीतून किंचित हिरवट उजेड पाझरतो. माझ्या फुलदाणीत तो पांढऱ्या खिडक्यांमधून स्वच्छ दिसतो. चेल्सीच्या सुरुवातीच्या मातीत असाच दिवा धरला तर चंद्रासारखे उजळ ठिपके दिसतात. डर्बी या आणखी एका इंग्रजी कारखान्याच्या फुलदाण्यांच्या बुडाला भट्टीत टेकू दिल्याचे तीन-चार गोल डाग असतात. वुस्टरच्या बुडाला बैठकीच्या आतल्या कडेलगत झिलई नसलेली एक बारीक पट्टी बहुधा सापडते, आणि ही पट्टी मी नेहमी आधी शोधते. त्यानंतर निळ्या रंगातली कारखान्याची खूण. माझ्या फुलदाणीवर चिनी शिक्क्याचा भास निर्माण करणारा जाळीदार चौकोन आहे. निळ्या खवल्यांच्या वस्तूंवर हा चौकोन किंवा चंद्रकोर बहुधा आढळते. तथापि खुणेवर विसंबून एक पैसाही खर्च करू नये, कारण संपूर्ण वस्तूत नक्कल करायला सर्वांत सोपी गोष्ट तीच आहे.

मोठ्या खिडकीतला पक्षी या फुलदाणीतला मला सर्वांत प्रिय भाग आहे. शेपटी किरमिजी, पंखात पिवळा आणि नीलहरित रंग, आणि डोळा म्हणजे काळ्या रंगाचा एकच टिपका. पण त्या टिपक्याच्या वरच्या अंगाला सुईच्या टोकाएवढी पांढरी जागा सोडली आहे आणि तेवढ्याने पक्षी सावध होऊन मान वळवून पाहतो आहे असे वाटते. रंगांवर बोट फिरवले तर ते झिलईत मुरल्यासारखे गुळगुळीत लागतात, कारण मऊ पोर्सिलिनची झिलई भट्टीत थोडी वितळून रंगाला आत घेते. मानेजवळ, चौकटीच्या बाहेर, एक छोटा किडा रंगवला आहे. पहिले काही महिने तो मला केवळ शोभेचा वाटला होता. मग एकदा तिरप्या उजेडात पाहताना त्याच्या पाठीखाली झिलईतला एक खड्डा दिसला, आणि लक्षात आले की भट्टीत राहिलेला दोष झाकण्यासाठी चित्रकाराने तिथे किडा बसवला. त्या काळातल्या पोर्सिलिनवर सुटी फुले, पाने आणि किडे पुष्कळदा याच कारणाने आलेले असतात. अडीचशे वर्षांपूर्वीचा निर्णय असा बोटाखाली जाणवतो, तेव्हा या छंदावर घालवलेला वेळ आणि पैसा मला सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

आता तक्रारीचा भाग. लिलावगृहाच्या स्थिती-अहवालात ‘एकंदर उत्तम, सोन्याच्या मुलाम्याची किरकोळ झीज’ एवढेच लिहिले होते. मी प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी जाऊ शकले नाही, सहा छायाचित्रे पाहिली आणि बोली लावली. खोका उघडून फुलदाणी हातात घेतली तेव्हा मानेच्या काठापाशी बोटाला काहीतरी वेगळे लागले. बाकीची झिलई थंड आणि कोरडी होती, तर काठाचा साधारण पाच सेंटिमीटरचा भाग किंचित उबदार आणि चिकटसर होता. भिंग लावले तर तिथल्या खवल्यांची रांग सैल पडलेली, आणि निळा रंग झिलईच्या खाली नसून वर बसलेला. अतिनील दिव्याखाली तेवढा पट्टा उरलेल्या फुलदाणीपासून लख्ख वेगळा उठून दिसला. म्हणजे काठाचा टवका कधीतरी उडाला होता, तो भरून त्यावर फवाऱ्याने रंग मारला होता, आणि अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. मी कळवल्यावर त्यांनी सुरुवातीला अटी-शर्तींतले ते कलम दाखवले, ज्यात स्थिती-अहवाल हे केवळ मत असल्याचे म्हटले होते. तीन पत्रे आणि अतिनील प्रकाशातली छायाचित्रे पाठवल्यानंतर किमतीचा काही भाग परत मिळाला. बोलीच्या आधी मी लेखी विचारले असते, की कुठे दुरुस्ती, भराव किंवा फवारलेला रंग आहे का, तर उत्तर देणे त्यांना भाग पडले असते. तेव्हापासून मी हा एक प्रश्न प्रत्येक वेळी लेखी विचारते, आणि उत्तर टाळले गेले तर बोली लावत नाही.

फुलदाणी परत करण्याचा विचार मनात आला होता, पण पक्ष्याकडे पाहून तो मागे पडला. चिनी मातीची डागडुजी करणाऱ्या एका जाणत्या कारागिराकडे मी ती नेली आणि फवारलेला रंग काढायला सांगितला. रंग निघाल्यावर जे दिसले त्याने मी चकित झाले : मूळ टवका जेमतेम दीड सेंटिमीटरचा होता, आणि तो लपवण्यासाठी आधीच्या दुरुस्तीत आजूबाजूचे धडधाकट खवले आणि अस्सल सोनेसुद्धा रंगाखाली गाडले होते. आता टवका उघडा आहे. त्यातून मातीचा कण दिसतो, बारीक आणि दाणेदार. कठीण पोर्सिलिनचा टवका मात्र काचेसारखा चकचकीत फुटतो. नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याला मी आग्रहाने सांगेन की मोडलेली पण काहीही न लपवणारी फुलदाणी आधी घ्यावी, कारण आतली माती पाहायला मिळण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि तशी वस्तू अखंड वस्तूच्या कितीतरी कमी किमतीत मिळते. जुन्या काळी तुटलेले भांडे धातूच्या टाक्यांनी सांधत असत. तसे टाके असलेल्या वस्तूही मी आवडीने पाहते, कारण त्यात कुणाची फसवणूक नाही.

याआधी, तिसऱ्या वर्षी, मी याहून मोठी चूक केली होती. एका विक्रेत्याकडून ‘चेल्सी, सोनेरी नांगर’ (म्हणजे जहाजाच्या नांगराची सोन्यात काढलेली चेल्सीची खूण) म्हणून फुलदाण्यांची एक जोडी घेतली होती. चेल्सीच्या कारखान्याचा सोनेरी नांगराचा काळ साधारण १७५६ ते १७६९ चा, आणि त्या काळातल्या फुलदाण्या गडद निळ्या किंवा किरमिजी पार्श्वभूमीवर भरघोस सोने ओतलेल्या असतात. माझ्या जोडीवरचा नांगर बोटाच्या पेराएवढा, ठसठशीत आणि नेमका बुडाच्या मध्यावर होता. अस्सल नांगर सहसा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही लहान असतो आणि तो शोधावा लागतो, हे मला नंतर कळले. माती करड्या छटेची, कडक आणि थंड होती, रंग झिलईच्या वर कोरडे बसलेले होते, आणि नखाने टिचकी मारली की काचेसारखा उंच आवाज येत होता. ती पॅरिसच्या सॅमसन कारखान्याच्या धर्तीची एकोणिसाव्या शतकातली नक्कल निघाली. १८४५ मध्ये सुरू झालेल्या सॅमसनने माइसेन, फ्रान्समधले सेव्र, चेल्सी, वुस्टर, चिनी अशा सगळ्यांच्या प्रतिकृती कठीण पोर्सिलिनमध्ये केल्या, आणि बाजारात ‘चेल्सी’ म्हणून फिरणाऱ्या वस्तूंत त्यांचा भरणा मोठा आहे. ती जोडी मी विकली, नक्कल म्हणून सांगूनच विकली.

नकलेपेक्षा ओळखायला कठीण प्रकार म्हणजे अस्सल जुन्या मातीवर मागाहून केलेले रंगकाम. साध्या, थोडकी फुले असलेल्या वुस्टरच्या वस्तूंवरचे रंग काढून टाकायचे, त्यावर मागणी असलेली रंगीत पार्श्वभूमी द्यायची आणि पुन्हा भट्टीत घालायचे, असा उद्योग एकोणिसाव्या शतकात चालत असे. माती खरी, बूड खरे, खूणही खरी. खोटे फक्त चित्र. दुसऱ्यांदा भाजल्यामुळे झिलईत काळे ठिपके उठतात आणि बुडाकडची झिलई मळकट, फोड आल्यासारखी दिसते. हिरव्या पार्श्वभूमीची एक खूण तर मला फारच उपयोगी पडली आहे. वुस्टरच्या त्या सफरचंदी हिरव्या रंगावर सोने धरत नसे, म्हणून अस्सल वस्तूत सोन्याची रेघ हिरव्याच्या कडेने जाते; ती हिरव्यावर चढलेली दिसली तर वस्तू खाली ठेवावी. याची गल्लत लंडनमधल्या जेम्स जाइल्सच्या कामाशी मात्र करू नये. त्याच्या कार्यशाळेत वुस्टरहून येणाऱ्या कोऱ्या भांड्यांवर त्याच काळात चित्रे काढली जात, आणि ते काम आज मोलाचे मानले जाते.

डोळा तयार करायला लंडनसारखी जागा नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लेडी शार्लट श्रायबर यांनी १८८४ मध्ये दिलेला इंग्रजी चिनी मातीचा संग्रह आहे. पती चार्ल्स यांच्यासोबत युरोपभर हिंडून, दुकाने धुंडाळून त्यांनी तो जमवला होता. ब्रिटिश संग्रहालयात ‘क्लिओपात्रा’ नावाने ओळखली जाणारी चेल्सीच्या फुलदाण्यांची जोडी आहे, जी १७६३ मध्येच, म्हणजे घडल्यानंतर लगेच, तिथे दान म्हणून आली. तारखेविषयी शंका नसलेली अशी वस्तू पाहताना बाकीच्या वस्तू कशाशी ताडून पाहायच्या ते समजते. आणि वुस्टर शहरात कॅथेड्रलपासून थोड्या अंतरावर सेव्हर्न स्ट्रीटवर या कारखान्याचेच संग्रहालय आहे. तिथे मी चार वेळा गेले आहे, आणि निळे खवले एकापुढे एक पाहायचे असतील तर प्रत्येकाने निदान एकदा जावेच. अर्थात काचेआडची वस्तू उचलून पाहता येत नाही. ती उणीव लिलावांच्या पाहणीच्या दिवशी भरून निघते. तिथे बोली न लावताही वस्तू हातात घेता येते, आणि मला तरी तिथे कुणी कधी आडकाठी केलेली नाही.

महाराष्ट्रात राहून हा छंद करणाऱ्यांसाठी एवढेच, की मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर मी अनेकदा फिरले आहे, आणि तिथे मला एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या फुलदाण्या सापडल्या, अठराव्या शतकातली इंग्रजी वस्तू एकदाही नाही. तिथे पोर्सिलिन घ्यावे ते आवडले म्हणून, जुने म्हणून नव्हे. मुंबईचा खरा लाभ वेगळाच आहे : छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली चिनी आणि जपानी चिनी माती आहे, आणि वुस्टरचे कारागीर कोणत्या नमुन्यांवर डोळा ठेवून काम करत होते ते तिथे पाहायला मिळते. लिलावातली वस्तू इंग्लंडहून मागवायची असेल तर एका खोक्यात दुसरा खोका, मधे निदान पाच सेंटिमीटर भराव, आणि फुलदाणीच्या पोटात मऊ कागद, असे स्पष्ट लिहून द्यावे.

घरात वापराच्या दृष्टीने ही वस्तू फार नाजूक नाही, पण तिच्यात पाणी किंवा फुले मी ठेवत नाही. मानेला धरून उचलू नये. एक हात बुडाखाली, दुसरा अंगाला. हात स्वच्छ धुऊन कोरडे केलेले असावेत, कापडी हातमोजे नकोत, कारण झिलईवर ते निसटतात. वर्षातून दोनदा कोमट पाण्यात मऊ कुंचल्याने पुसणे पुरते. सोन्यावर घासायचे नाही. परत मिळालेली रक्कम वजा करून आणि कारागिराची मजुरी मिळवून मला ही फुलदाणी सुमारे ३३० पौंडांना पडली. झाकण नसलेल्या, काठाला टवका असलेल्या वस्तूसाठी ही किंमत थोडी चढी आहे असे कुणी म्हणेल, पण चित्रकामाचा दर्जा पाहता मला ती रास्त वाटते.

अशा फुलदाण्या त्या काळी शेकोटीवरच्या फळीसाठी तीन, पाच किंवा सात अशा संचाने विकल्या जात, आणि त्यांतल्या दोन-दोन एकमेकींची जोड म्हणून रंगवलेल्या असत. माझ्या फुलदाणीवरचा पक्षी डावीकडे मान वळवून पाहतो. म्हणून नव्या लिलावाची यादी आली की मी निळ्या खवल्यांच्या पानावर थांबते आणि साडेसोळा सेंटिमीटर उंचीची, किरमिजी शेपटीचा पक्षी उजवीकडे पाहणारी फुलदाणी शोधते. अजून सापडलेली नाही.